सतरावा नंबर

२८ मे २०२३ चा रविवार आमच्या घरात सगळ्यांच्या लक्षात आहे, फक्त कारणं वेगवेगळी. माझ्या मुलाला विचाराल तर तो सांगेल की त्या दिवशी अहमदाबादला आयपीएलची फायनल होती, गुजरात टायटन्स आणि चेन्नई, आणि पावसाने सगळी वाट लावली. आई सांगेल की तिने केसरची अख्खी पेटी संपवून रस काढला होता आणि तो निम्मा फ्रीजमध्ये तसाच राहिला कारण कोणाचं जेवणात लक्षच नव्हतं. आणि मी सांगेन की त्या रात्री नऊ ते अकरा या दोन तासांत एव्हर्टन, म्हणजे इंग्लंडमधला माझा फुटबॉल क्लब, वरच्या लीगमध्ये राहणार की जाणार हे ठरत होतं, आणि मला अजूनही कधी कधी रात्री जाग आली की ती दहा मिनिटांची इंज्युरी टाइमची पाटी डोळ्यासमोर येते.

मी बडोद्याची. दांडिया बाजारात वाढले, घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, भांडण कुठल्या भाषेत होईल ते समोरच्यावर. आमच्या शहरात खेळ म्हणजे क्रिकेट आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही, विजय हजारे बडोद्याकडून खेळले, किरण मोरे इथले, पठाण भाऊ इथले, पांड्या भाऊ इथेच खेळून मोठे झाले. बाबांनी मोतीबागेवर बसून किती रणजी मॅच बघितल्या असतील याचा हिशोब नाही. बडोद्याने २००१ मध्ये रणजी जिंकली ना, त्याआधीची १९५७-५८ ची, म्हणजे त्रेचाळीस वर्षं मधे गेली होती, तेव्हा बाबांनी वाड्यात घरोघरी दुलीरामचे पेढे वाटले होते. अशा घरातली मुलगी इंग्लंडमधल्या एका फुटबॉल क्लबसाठी रात्री दोन दोन वाजेपर्यंत जागते हे आईला आजही पटलेलं नाही, पण सवय झालीय.

सुरुवात १९ ऑक्टोबर २००२ ची. मी अकरावीत होते, नवरात्र नुकतंच संपलं होतं, गरब्याने पोटऱ्या अजून दुखत होत्या. मामाकडे फतेहगंजला गेले होते आणि मामेभाऊ टीव्हीसमोरून हलत नव्हता कारण त्याचं आर्सेनल एव्हर्टनशी खेळत होतं, लीगमध्ये ३० मॅच हरलं नव्हतं ते. मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, मी नुसती बसले होते. १-१ होतं. शेवटी शेवटी एव्हर्टनचा एक जाडसर मानेचा पोरगा आत आला, आणि नव्वदाव्या मिनिटाला त्याने लांबून असा काही बॉल वळवून मारला की आर्सेनलचा गोलकीपर सीमन हवेत राहिला आणि बॉल बारला घासून आत. मामेभाऊ डोकं धरून बसला. मग स्क्रीनवर त्या पोराचं वय आलं, १६. पाच दिवसांनी सतराचा होणार होता. मी पण सोळाचीच. माझ्या वयाचा कोणीतरी एवढ्या मोठ्या गर्दीसमोर असं करू शकतो हे मला त्या वेळी इतकं जोरात लागलं की मी दुसऱ्या दिवशी सायबर कॅफेत जाऊन दहा रुपये देऊन एव्हर्टनबद्दल वाचून आले.

तो पोरगा, वेन रूनी, दोन वर्षांत मँचेस्टर युनायटेडला गेला. २००४ चा ऑगस्ट. मामेभाऊ म्हणाला आता तू पण जा त्याच्याबरोबर. पण तोपर्यंत माझं त्या एकट्या पोराशी काही राहिलं नव्हतं. १८७८ चा क्लब, नऊ वेळा लीग जिंकलेला, १९५४ पासून एकदाही खालच्या डिव्हिजनमध्ये न गेलेला. आणि गुडिसन पार्क! १८९२ चं ग्राउंड, गल्लीबोळात घुसवलेलं, दोन स्टँडच्या मधल्या कोपऱ्यात एक चर्च उभं. मला ते बघून आपल्या जुन्या बडोद्याची आठवण यायची, मांडवीच्या आसपास कशी घराला घर लागून असतात आणि मधेच एक देऊळ अंग चोरून उभं असतं, तसं. आणि त्या गल्ल्यांमधून माणसं पिढ्यानपिढ्या चालत मॅचला येतात. शेवटची ट्रॉफी १९९५ ची एफए कप, म्हणजे मी फॅन झाल्यापासून एकही नाही. मला ट्रॉफीचं दुःख नाही हो, खरंच नाही. सातवे आलो, आठवे आलो, डर्बी, म्हणजे शेजारच्या लिव्हरपूलशी मॅच, जिंकलो तर वर्ष छान गेलं, असं माझं चाललेलं असायचं.

मग ते दोन सीझन आले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बाबांनाही असंच सांगितलं होतं. प्रीमियर लीगमध्ये २० टीम, प्रत्येकीच्या ३८ मॅच, जिंकलं तर ३ पॉइंट, ड्रॉ झाली तर १. शेवटी ज्या तीन टीम तळाशी असतील त्या खालच्या लीगमध्ये जातात, चॅम्पियनशिपमध्ये, आणि तिथल्या तीन वर येतात. आयपीएलमध्ये शेवटचा आला तरी पुढच्या वर्षी ऑक्शनला बसतोच, इथे तसं नाही. बाबा म्हणाले, "रणजीत एलिट आणि प्लेट आहे तसंच की." हो, तसंच, पण इथे त्याच्याबरोबर पैसा जातो. टीव्हीच्या हक्कांचे पैसे वर खूप आहेत आणि खाली त्यामानाने काहीच नाहीत. गेलेल्या क्लबला काही वर्षं आधाराला थोडे पैसे देतात, पॅराशूट पेमेंट म्हणतात त्याला, नावच किती बोलकं आहे बघा. चांगले खेळाडू विकावे लागतात, बऱ्याच करारांमध्ये खाली गेलो तर पगार कमी असं लिहिलेलं असतं, आणि खेळाडूंचं एक वेळ सोडा, ऑफिसातले, तिकीट खिडकीवरचे, किचनमधले लोक असतात त्यांच्या नोकऱ्या जातात. त्यात एव्हर्टन तेव्हा नदीकाठी जुन्या गोदीच्या जागेवर नवीन स्टेडियम बांधत होतं, क्लब आधीच तोट्यात. त्या वेळी खाली गेलो असतो तर काय झालं असतं याचा विचार मी मुद्दाम करत नाही.

म्हणजे सतरावा नंबर आला की जीव वाचला आणि अठरावा आला की गेलो. सगळं वर्ष त्या एका रेषेकडे बघत काढायचं.

पहिलं वर्ष २०२१-२२. कोच बेनितेझला जानेवारीत काढलं आणि त्याच्या जागी लॅम्पार्ड आला. वसंतात तर आम्ही त्या रेषेखालीच गेलो होतो. १ मे ला चेल्सीबरोबर गुडिसनवर मॅच होती, आणि लोक बसच्या रस्त्यावर आधीपासून निळा धूर करून उभे होते, टीमची बस त्या धुरातून मुंगीच्या पावलाने येत होती. मी तो व्हिडिओ ऑफिसच्या बसमध्ये बघितला आणि खिडकीकडे तोंड करून रडले. १-० जिंकलो, रिचार्लिसनचा गोल, आणि आमचा गोलकीपर पिकफर्डने अझपिलिक्वेटाचा शॉट ज्या प्रकारे गोललाइनवरून काढला तो मी किमान शंभर वेळा तरी बघितला असेल.

मग १९ मे, क्रिस्टल पॅलेस. आपल्याकडे रात्री सव्वाबाराला सुरू. सकाळी सात चाळीसची कंपनीची बस, नवरा आणि मुलगा झोपलेले, मी किचनच्या ओट्यापाशी स्टुलावर बसून मोबाइल डब्याला टेकवून ठेवलेला, आवाज एकदम बारीक. हाफ टाइमला ०-२. मातेता आणि आयू. मी मोबाइल पालथा ठेवला आणि भांडी घासायला घेतली, रात्री एक वाजता, हळूहळू, आवाज न करता. १९९४ मध्ये विम्बल्डनविरुद्ध शेवटच्या दिवशी असेच ०-२ वरून ३-२ जिंकून वाचलो होतो हे मला वाचून माहीत होतं, पण अशा गोष्टी आयुष्यात एकदाच होतात असंही वाटत होतं. परत मोबाइल उचलला. ५४ व्या मिनिटाला कीन, म्हणजे डिफेंडर, त्याने डाव्या पायाने. ७५ ला रिचार्लिसन. आणि ८५ ला ग्रेच्या फ्री किकवर कॅल्व्हर्ट-लुइनने अंग झोकून देऊन हेडर, बॉल आत, आणि ते सगळं ग्राउंड एकदम लोकांनी भरून गेलं, मॅच संपायच्या आधीच लोक आत. मी तोंडावर ओढणी दाबून धरली होती. आवाज तरी आलाच असणार कारण नवरा उठून आला, माझा चेहरा बघून त्याला वाटलं कोणी गेलं की काय. मी म्हटलं राहिलो, राहिलो. तो म्हणाला कोण राहिलं. आणि मग पाणी पिऊन माझ्याशेजारी दुसऱ्या स्टुलावर बसला शेवटपर्यंत, एक शब्द बोलला नाही, त्याबद्दल मी त्याची कायम ऋणी आहे.

मला वाटलं संपलं. परत असं वर्ष येणार नाही.

२०२२-२३ त्याहून वाईट निघालं. लॅम्पार्ड गेला, जानेवारीच्या शेवटी शॉन डाइश आला, त्याच्या पहिल्याच मॅचला आर्सेनल, तेव्हाचं टेबलवर पहिलं असलेलं आर्सेनल, १-० हरवलं, टार्कोव्स्कीचं हेडर. मामेभावाला मेसेज केला, त्याने दोन दिवस उत्तर दिलं नाही. पण एप्रिलमध्ये घरी फुलहॅमने १-३, न्यूकॅसलने १-४. मग १ मे. दोन्ही राज्यांचा स्थापना दिवस, आम्हा बडोद्याच्या मराठी लोकांना तो दोन्हीकडून लागतो. त्या रात्री साडेबाराला लेस्टरमध्ये मॅच, म्हणजे तळाशी झगडणाऱ्या दोघांची एकमेकांशी. २-१ ने मागे होतो आणि हाफ टाइमच्या तोंडावर त्यांना पेनल्टी मिळाली. ३-१ झालं असतं तर माझ्या मते तिथेच सीझन संपला असता. मॅडिसनने मधोमध मारली आणि पिकफर्ड मधेच उभा राहिला. हललाच नाही. त्याच्या पाण्याच्या बाटलीवर कोण कुठे मारतो हे लिहून ठेवलं होतं असं नंतर कळलं. म्हणजे कोणीतरी बसून, त्या माणसाच्या जुन्या पेनल्टी बघून, अभ्यास करून ते लिहिलं होतं. मला हे फार आवडलं. टेन्शनच्या वेळी नशीब नशीब करणारे खूप असतात, कागदावर लिहून आणणारा एखादाच. इवोबीने नंतर बरोबरी केली, २-२, एक पॉइंट. त्या एका पॉइंटची किंमत पुढे कळली.

त्यानंतर आठवड्याभरात ब्रायटनला त्यांच्या घरी ५-१! पहिल्याच मिनिटात डुकुरेने गोल केला. हा अब्दुलाय डुकुरे लॅम्पार्डच्या शेवटच्या काळात टीमच्या बाहेर बसलेला, डाइशने आल्या आल्या परत घेतला. मग मँचेस्टर सिटीकडून ०-३. मग २० मे ला वुल्व्हजकडे, ०-१ मागे, नव्वद मिनिटं होऊन गेलेली, त्यावर नऊ मिनिटं होत आलेली, आणि येरी मिनाने, तो पण डिफेंडर, कसाबसा पायाने ढकलला. १-१. त्या मॅचमध्ये कॅल्व्हर्ट-लुइन दुखापतीने बाहेर गेला. म्हणजे शेवटच्या मॅचला आमच्याकडे खरा स्ट्रायकरच नाही.

शेवटच्या दिवसाचा हिशोब असा होता. एव्हर्टन ३३ पॉइंट, सतरावं. लेस्टर ३१, लीड्स ३१. साउथॅम्प्टन आधीच गेलेलं. आम्ही बोर्नमथला हरवलं तर बाकी कोणी काहीही करो, वाचलो. ड्रॉ केली आणि लेस्टर जिंकलं तर दोघांचे ३४, पण गोल डिफरन्स, म्हणजे मारलेल्या आणि खाल्लेल्या गोलांमधला फरक, त्यांचा चांगला, आमचा उणे २४, त्यांचा उणे १८, म्हणजे आम्ही गेलो. लीड्सला मोठ्या फरकाने जिंकायला हवं होतं. हा सगळा हिशोब मी आईच्या वाणसामानाच्या वहीच्या मागच्या पानावर मांडला होता, तीन मॅच, तीन रकाने, जिंकलो-ड्रॉ-हरलो. ते पान अजून आहे. त्याच्या मागे तूरडाळ २ किलो लिहिलंय.

आणि इथे माझी एक अडचण होती. लेस्टर मला मनापासून आवडायचं. २०१६ मध्ये ते चॅम्पियन झाले तेव्हा मी एव्हर्टनची असून सुद्धा रोज त्यांचा निकाल बघायचे. वार्डी, माहरेझ, कांते, रनिएरीचं ते हसणं. त्यांनी ज्या दिवशी घरी ट्रॉफी उचलली ना, त्या दिवशी त्यांच्यासमोर एव्हर्टनच होतं, ३-१ हरलो आम्ही, आणि मी हरून सुद्धा टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या होत्या. तोच वार्डी अजून खेळत होता. आणि आता मला ते जायला हवे होते.

तर तो रविवार. मुलाला सुट्टी लागलेली म्हणून आम्ही आईकडे. संध्याकाळी सातला टॉस, साडेसातला फायनल, हार्दिक कॅप्टन म्हणजे आपल्या बडोद्याचा पोरगा, बाबा पाच वाजल्यापासून आंघोळ करून तयार. मुलाने गालावर निळं रंगवून घेतलं होतं, टायटन्सचा गडद निळा, आणि मी माझी एव्हर्टनची निळी जर्सी घातली होती, त्यामुळे आईला वाटलं आम्ही सगळे एकाच टीमचे. माझी मॅच नऊला. ठरलं असं होतं की टीव्ही त्यांचा, मी आतल्या खोलीत मोबाइलवर.

पण अहमदाबादला टॉसच होईना. पाऊस. आमच्यापासून जेमतेम सव्वाशे किलोमीटरच्या आत, आणि इथे उकाड्याने जीव जात होता. साडेसात, आठ, साडेआठ, स्क्रीनवर फक्त कव्हरं आणि छत्र्या. मधेच थांबला, कव्हरं काढायला घेतली, सगळे सरसावून बसले, परत आला. मुलगा रडकुंडीला. नऊला मी उठून आत जायला लागले तर बाबा म्हणाले, "तिथे पाऊसच बघायचाय, तुझी मॅच इथे लाव." मुलाने अट घातली की दर दहा मिनिटांनी अहमदाबाद बघायचं. नवऱ्याने मोबाइल टीव्हीला जोडून दिला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा एव्हर्टनची मॅच आमच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर चालू होती, आणि नेमकी हीच.

खेळ काही बघण्यासारखा नव्हता, खोटं का बोलू. ग्रेला पुढे टाकला होता, पण तो काही स्ट्रायकर नाही. फुलबॅक, म्हणजे कडेचे डिफेंडर, जखमी म्हणून मधल्या फळीतले लोक तिथे उभे केलेले. एव्हर्टन ढकलत होतं, बोर्नमथ परतवत होतं. बाबा शांतपणे बघत होते आणि अधूनमधून विचारत होते, हा ऑफसाइड म्हणजे नक्की काय, हा पिवळं कार्ड का दाखवतोय. आणि मग ३४ व्या मिनिटाला माझ्या हातातल्या दुसऱ्या मोबाइलवर आलं, लेस्टर १-०, बार्न्स. टेबल बदललं. आम्ही अठरावे. १९५४ पासूनचं सगळं त्या क्षणी संपलेलं होतं, म्हणजे मॅच तिथे थांबली असती तर.

हाफ टाइमला कोणी काही बोलेना. आई म्हणाली रस आणू का, नको म्हटलं. मुलाने अहमदाबाद लावून बघितलं, पाऊसच. मी वहीतलं पान काढून बाबांना समजावत होते की आता वेस्ट हॅमने लेस्टरला गोल मारायला हवा किंवा आपण एक मारायला हवा, मी देवाला सांगतेय की वेस्ट हॅमने मारावा. बोलता बोलता मला रडू यायला लागलं, आणि मी म्हणाले, बाबा मला लेस्टरचं वाईट व्हायला नकोय हो, पण कोणीतरी तीन जाणारच आहेत ना.

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्याकडे यादी लागली होती, आठवतंय तुला?"

मला आठवत होतं, अर्धवट. मी बारावीला होते. बाबांच्या कंपनीत माणसं कमी करायची होती. अकाउंट्समधल्या अठरा जणांपैकी सहा जाणार हे आधीच सगळ्यांना माहीत होतं, कोण ते माहीत नव्हतं. तीन आठवडे घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, एवढंच मला आठवतं, आणि आईने क्लासची फी भरायला दोन दिवस उशीर केला होता ते.

बाबा म्हणाले, "बोर्डापाशी गेलो तर मी आधी माझं नाव नाही शोधलं. आधी मोजली. एक, दोन, तीन, सहा नावं आहेत का. सहा भरली, त्यात मी नाही. इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की मी हसलो. हसतच वळलो आणि मागे तुझे काका उभे." काका म्हणजे त्यांच्या शेजारच्या टेबलवरचे, आम्ही लहानपणापासून काकाच म्हणायचो, दर संक्रांतीला गच्चीवर पतंगाला आमच्याकडे असायचे, नंतर हळूहळू यायचे बंद झाले. यादीतलं चौथं नाव त्यांचं होतं. हे मला एवढ्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. आईलाही नसावं सांगितलं, कारण ती किचनच्या दारात हात पुसत उभी राहिली ती तशीच राहिली.

"तू देवाला सांग," बाबा म्हणाले. "त्यात काही चूक नाही. सगळेच सांगतात."

मग दुसरा हाफ सुरू झाला.

५७ वं मिनिट. बॉक्समध्ये उंच बॉल आला, बोर्नमथच्या डिफेंडरने डोक्याने बाहेर काढला, तो काठावर डुकुरेसमोर पडला, एक टप्पा घेतला आणि त्याने उजव्या पायाने असा हाणला की जाळीत गेलेला मला दिसलाच नाही, आधी आवाज आला. गुडिसनचा तो आवाज. आमच्या टीव्हीचा स्पीकर फाटल्यासारखा झाला. मी किंचाळले, मुलगा किंचाळला, बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले, गुडघ्याचं दुखणं विसरून. शेजारच्या काकी खिडकीतून, "शुं थयुं? वरसाद बंध थयो?" आई म्हणाली, "ना ना, बीजी मॅच छे."

पण ६२ ला लेस्टर २-०. म्हणजे आता बोर्नमथने एक जरी मारला तरी आम्ही गेलो. अठ्ठावीस मिनिटं उरलेली, असं वाटत होतं, निघाली जास्त. लीड्सचं तर टॉटनहॅमसमोर आटोपलंच होतं, केनने दुसऱ्याच मिनिटाला मारला होता. वेस्ट हॅमने ७९ ला एक परत केला, २-१, अजून एक मारला असता तर आमचा जीव भांड्यात पडला असता, पण नाही. मी जमिनीवर बसले होते, पाठ सोफ्याला, मुलगा माझ्या मांडीवर, त्याने दर दहा मिनिटांची अट कधीच सोडून दिली होती. आणि मग चौथ्या रेफरीने पाटी वर केली. १०. दहा मिनिटं जास्तीची. बाबा म्हणाले, "दहा? का?" मला का ते सांगता येईना, मी नुसती मान हलवत होते. त्या वेळात बोर्नमथच्या विन्याने एक व्हॉली मारली, सरळ गोलकडे, आणि पिकफर्डने दोन्ही हातांनी बाहेर काढली. तो नसता तर हे दोन्ही सीझन नसते, हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

शिट्टी वाजली. एव्हर्टन १, बोर्नमथ ०. ३६ पॉइंट. सतरावे.

लोक परत ग्राउंडवर धावले. मी उठू शकले नाही. नवऱ्याने पाणी आणून दिलं. आईने माझ्या केसांवरून हात फिरवला आणि काही न विचारता रसाची वाटी समोर ठेवली, आणि मी ती चमच्याने न खाता तोंडाला लावून प्यायले. पुढच्या सीझनला लीगने आर्थिक नियम मोडले म्हणून १० पॉइंट कापले, मग अपीलमध्ये ते ६ झाले, वर अजून २ गेले, आणि तरी वाचलो, ती सगळी वेगळी लढाई. मे २०२५ मध्ये गुडिसनवर आमची शेवटची मॅच झाली, साउथॅम्प्टनला २-०, तेव्हाही मी रडले. पण ते नंतर कधीतरी लिहीन.

त्या रात्री अकराच्या सुमाराला मुलाने परत अहमदाबाद लावलं. फायनल दुसऱ्या दिवसावर ढकलली असं सांगत होते. तो माझ्या शेजारीच आडवा झाला आणि गालावरचा रंग न धुता झोपून गेला. आई दिवे घालवायला लागली. बाबा अजून खुर्चीतच होते, रिमोट हातात.

"ते लेस्टरवाले," ते म्हणाले. "त्यांचं काय झालं?"

"गेले, बाबा."

"जिंकले होते ना पण?"

"हो. २-१."

बाबांनी टीव्ही बंद केला नाही. आवाज तेवढा कमी केला.